हमीपत्र, तिसऱ्यांदा

"या वेळी होईल ना रे?" आईनं फोनवर विचारलं.

"होईल," तो म्हणाला आणि समोरच्या हमीपत्रावर त्यानं पंजा पालथा ठेवला. जणू ती फोनमधून बघणार होती.

आईला कायमचं इकडे परदेशात आपल्याकडे आणायचं, तर मुलानं लिहून द्यायचं होतं की हिचं खाणंपिणं, औषधपाणी, सगळा भार मी उचलीन. सोबत पगाराचे कागद, बँकेचं पत्र, कर भरल्याचा दाखला. हे गाठोडं दोनदा गेलं होतं आणि दोनदा परत आलं होतं. तिसऱ्यांदा परत आलं, तर पुढची पाच वर्षं अर्ज करायची सोय नव्हती. आई एकाहत्तर वर्षांची होती.

"माझा भाग मी परवाच टपालात टाकला," आई म्हणाली. "मागे माझंच काहीतरी चुकलं असेल बघ. डोकं चालत नाही आता पूर्वीसारखं."



"तुझं काय चुकणार? तू काय कमी फॉर्म बघितलेस?"

एकतीस वर्षं आईनं सरकारी कचेरीत खिडकीमागे बसून लोकांचे अर्ज तपासले होते. रात्री ताटावर बसली की ती दिवसाचा स्कोअर सांगायची. "आज बावीस परत केले. सही चौकटीच्या रेघेला शिवली की अर्ज परत. मग तो साहेबाचा मेव्हणा का असेना." त्याच्या दहावीच्या फॉर्मच्या वेळी तिनं काडेपेटीएवढी चौकट आखून दिली होती आणि तीत त्याच्याकडून दोनशे वेळा सही घोटून घेतली होती. वडील लवकर गेले होते, त्यामुळे मध्ये पडायला घरात कोणी नव्हतं.

अशा बाईनं स्वतःला दोष द्यावा, हे त्याला ऐकवेना. कारण दोष कोणाचा, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

पहिल्या वेळी त्यानं बँकेचं पत्र गठ्ठ्यातून काढून खणात सरकवलं होतं. दुसऱ्या वेळी कराचा दाखला लावला, तो दोन वर्षांपूर्वीचा. गठ्ठा परत आला की तो चेहरा पाडून घरी यायचा आणि सोबतचं पत्र न उघडताच त्याच खणात टाकायचा. आत काय लिहिलंय ते त्याच्याइतकं कोणाला माहीत असणार!

तसा तो वाईट मुलगा नव्हता. दर रविवारी न चुकता फोन करायचा. पण चार वर्षांपूर्वी आई तीन महिने राहून गेली होती. तेवढ्यात त्याच्या मोज्यांच्या जोड्या लागल्या, स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे उभे राहिले आणि वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी तो दारात बूट सरळ ठेवलेत का, हे वळून बघायला लागला. निघताना विमानतळावर तिनं त्याला जवळ घेतलं होतं. "छान आहे हो तुझं घर," म्हणाली होती. "दिवसभर कोणी नसतं, एवढंच. आणि खिडकीतून समोरची भिंत दिसते." त्यानं ते हसण्यावारी नेलं होतं.

बायकोवर ढकलावं, तर तीही सोय नव्हती. ती पहिल्यापासून एकच म्हणत होती, "येऊ देत की आईंना. तू फॉर्म मनापासून भर म्हणजे झालं."

'मनापासून' हा शब्द ती जरा सावकाश उच्चारायची.

या वेळी त्यानं मनापासून भरला. कागद तीनदा मोजले, तारखा ताडून पाहिल्या, प्रत्येक सही चौकटीच्या मधोमध केली. मग गठ्ठा छातीशी धरून तो याही वेळी फॉर्म भरून देणाऱ्या बाईंकडे गेला. लॉन्ड्रीच्या वरच्या मजल्यावर एक खोली, एक झेरॉक्स मशीन आणि कानाला पेन्सिल लावलेल्या बाई.

"मॅडम, एक सांगायचंय." त्यानं गठ्ठा टेबलावर ठेवला. "मागे दोनदा परत आलं ना, ते माझ्यामुळे. मी मुद्दाम..."

"बँकेचं पत्र नव्हतं आणि दाखला जुना होता," बाई पंचिंग मशीन दाबत म्हणाल्या. "अहो, मी न तपासता पुढे पाठवते असं वाटलं का तुम्हाला? दोन्ही वेळा तुमच्या मिसेसना फोन केला. दोन्ही वेळा दुपारच्या आत त्या बरोबर कागद घेऊन हजर. म्हणाल्या, यांना काही बोलू नका, घाईत राहिलं असेल."

तो खुर्चीवर बसला.

"मग परत का आलं?"

"पत्रात लिहिलं होतं की! वाचलं नाहीत?"

बाईंनी कपाटातून फाइल काढली.

"तुमची बाजू दोन्ही वेळा चोख गेली. आईंचा भाग तिकडून सीलबंद जातो, थेट. मला दिसतो तो परत आल्यावरच." त्यांनी दोन अर्ज शेजारी शेजारी ठेवले. "जाऊ द्या हो. वय झालं की हात थरथरतो माणसाचा."

त्यानं पहिला अर्ज उलटला, मग दुसरा. अक्षर छापल्यासारखं होतं. एकही रकाना रिकामा नव्हता, एका आकड्यावर खाडाखोड नव्हती. शेवटच्या पानावर आईची सही होती, ठाम आणि वळणदार, आणि तिचं शेवटचं टोक चौकटीच्या खालच्या रेघेला जेमतेम शिवलं होतं. दोन्ही अर्जांवर, अगदी त्याच जागी.