जोतीराम पैलवानाची आई

बेचाळीसच्या साली शिराळ्याच्या मैदानात जोतीराम पैलवान मानेवर पडला आणि मानेखालचं त्याचं सारं अंग गेलं. बैलगाडीतून घरी आणला, तेव्हा त्याला उतरवून घ्यायला पाच गडी लागले. वस्ताद महिनाभर येत राहिले, मग त्यांचंही येणं थांबलं.

उरली ती म्हातारी आई, राहीबाई. ती रोज त्याच्या अंगाला तेल चोळायची, चमच्यानं दूध पाजायची. निम्मं दूध गालावरून ओघळून जायचं. त्याला अंगणात न्यायला ती शेजारच्या दोघांना बोलवायची. पुढं पुढं एकाला हाक मारली तरी भागायला लागलं.

तिसऱ्या वर्षी थंडीत एका सकाळी ऊन छान पडलं होतं आणि गडीमाणूस सारं रानात गेलं होतं. राहीबाईनं पदर खोचला, त्याच्या पाठीखाली हात घातले आणि एकटीनंच त्याला उचलून बाहेर आणलं. घोंगड्यावर निजवलं, तरी तिला धाप लागली नव्हती. तेच तिला सोसेना. ती तोंड फिरवून बसली.

"आये, तुझ्यात लय ताकद आली गं," जोतीराम म्हणाला.

"व्हय रं बाबा. तू दूध पीत न्हाईस, मग तुझा खुराक मीच खाती."

जोतीरामनं डोळे खाली वळवून आपल्या काटकुळ्या पायांकडं बघितलं.

"खात जा," तो म्हणाला. "शेवटचं उचलायचं अजून ऱ्हायलंय."