शून्य मागणी

पुढच्या महिन्यात कोणत्या गावाला कुठलं औषध किती लागेल, हे आता यंत्र ठरवत असे आणि ड्रोन तेवढंच पोहोचवत. तोरणदऱ्यासाठी सर्पदंशावरच्या लशीची मागणी यंत्राने सलग तिसऱ्या वर्षी शून्य दाखवली. औषध कंपनीत नियोजन पाहणाऱ्या वृंदा खानोलकरांनी तिथल्या नर्सला फोन लावला.

"तिकडे साप चावत नाहीत का, सिस्टर?"

"चावतात की. पण इथे लस नसते, म्हणून माणसं येतच नाहीत. भगताकडे नेतात."

वृंदाताईंनी यंत्राचा आकडा बदलला आणि स्वतःच्या जबाबदारीवर वीस कुप्या पाठवल्या. त्या पावसाळ्यात साप चावलेले दोघे जण आले, त्यांना मिळून वीसही कुप्या लागल्या आणि दोघंही आपल्या पायांनी घरी गेले. पुढच्या हंगामासाठी यंत्राने स्वतःहून तीस कुप्या मागितल्या.

वृंदाताईंनी मग शून्य मागणीच्या उरलेल्या एकशे बारा गावांची यादी उघडली आणि पहिल्या गावाला फोन लावला.