परातीतले राजे

संस्थानं विलीन होऊन मध्यभारत राज्य नुकतंच झालं होतं आणि विष्णूमास्तरांना शाळेच्या प्रदर्शनात भाव खायचा होता. सिगारेटच्या पाकिटांतून निघालेली राजेमहाराजांची चित्रं त्यांनी लहानपणी एका वहीत खळीनं चिकटवली होती. ती सोडवायला त्यांनी वहीची पानं परातभर कोमट पाण्यात टाकली आणि धाकट्या बहिणीला, अंबिकेला, मदतीला बसवलं.

"ओढू नकोस, अंबे. भिजू दे, आपोआप सुटतं. आणि तो शाईचा अंगठा जरा लांब ठेव हं, अंगठाबहाद्दर!"

सकाळीच रेशनच्या कचेरीत तिनं अंगठा उठवला होता. तीन पिढ्या दरबारी कारकुनी केलेलं घर! बाबूसमोर मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

"मी काय करणार, दादा? दुसरीत माझी वही हरवली. आबा म्हणाले, हिला वही सांभाळता येत नाही, शाळा कशाला? बस, किस्सा खतम."

तेवढ्यात पहिला महाराजा सुटून पाण्यावर तरंगला. त्याच्याखाली पेन्सिलीनं, वळणदार अक्षरात, ओळीमागून ओळ एकच शब्द गिरवलेला होता: अंबिका.

वही कुणाची उचलली होती, हे मास्तर तीस वर्षं सोयीनं विसरले होते. त्यांनी घाईघाईनं पानावर पंजा ठेवला.

अंबिकेनं एकेक राजा अलगद सोडवला, टिपला, फडक्यावर ओळीनं वाळत घातला. मग भावाचा हात पानावरून उचलून बाजूला ठेवला.

"तुझी चित्रं मिळाली ना, दादा? एकही फाटलं नाही. आता माझी वही दे."