बाकी मजेत

ताई परगावाहून व्हिडिओ कॉल करायची. "तिकडे मोर्चावर खरंच गोळीबार झाला का गं?" असं विचारलं की ती अर्धवट उघड्या तोंडानं पडद्यावर गोठायची. आई राउटर बंद करून चालू करायची. मग ताई म्हणायची, "बाकी सगळं मजेत."

"नेमकी तेव्हाच बरी लाइन जाते!" बाबा करवादायचे. "कंपनीवाल्यांनीच नाड्या आवळल्यात."

आज ताई घरी आली. स्वयंपाकघरात चहा ढवळत बाबांची नक्कल करून पोट धरून हसली. हसणं ओसरल्यावर मी तोच प्रश्न विचारला.

तिचा चमचा हवेतच थांबला. तोंड अर्धवट उघडं, पापणी हलेना. चहाची वाफ मात्र वर जात होती.

आई सवयीनं उठली. तिनं राउटर बंद करून चालू केला.

"बाकी सगळं मजेत," ताई म्हणाली.