आणखी एक शॉट

अणुसंमीलनाच्या यंत्राच्या भिंतीतला टंगस्टन धगधगत्या प्लाझ्मात मिसळला, की त्याचे चाळीसेक इलेक्ट्रॉन गळून पडतात आणि उरलेला अणू वर्णपटात स्वतःची एक बारीक रेघ उमटवतो. एकेका शॉटमध्ये काही क्षण प्लाझ्मा पेटवत त्या रेघेच्या मागे मॅडमचं अख्खं वर्ष गेलं होतं. ती सापडली, की त्यांचं काम संपणार आणि यंत्र दुसऱ्या गटाकडे जाणार.

"मॅडम, लख्ख दिसतेय," सहकारी म्हणाला.

"शेजारीच लोखंडाची रेघ आहे, गल्लत व्हायला नको. आणखी एक शॉट घेऊ."

"अहो, सकाळपासून हेच म्हणताय! ही तर आंधळ्यालाही दिसेल."

"शेवटचा. शप्पथ."

त्याने हात टेकले आणि बटण दाबलं. मॅडमनी पडद्याकडे पाहिलंसुद्धा नाही. डोळे मिटून त्या छताजवळच्या स्पीकरखाली जाऊन उभ्या राहिल्या.

प्रत्येक शॉटआधी यंत्राचं दालन रिकामं करण्यासाठी वाजणारी सूचना सुरू झाली. गेल्या उन्हाळ्यात वारलेल्या त्यांच्या नवऱ्याने ती कधीकाळी याच खोलीत बसून रेकॉर्ड केली होती.

"सगळे बाहेर आलात ना? दार लावतोय."