लाल ओळी

डायलिसिस सेंटरच्या स्क्रीनवर लाल ओळी भराभर सरकत होत्या आणि टेक्निशियन बोधेकाका पेपर वाचत होते.

"काका, बघत नाही तुम्ही?" ऋजुताने घाबरून विचारलं.

"दिवसभर हेच, मॅडम. किती वेळा धावायचं?"

ऋजुता वरमली. ती या मशीनची प्रोग्रॅमर; मशीनच्या कर्नलमधले, म्हणजे मूळ सॉफ्टवेअरमधले, हे संदेश तिनेच लिहिले होते. उद्या आपल्यावर ठपका नको, म्हणून किरकोळ संदेशालाही तिने 'गंभीर' पातळी, म्हणजे लाल रंग, दिला होता.

लॅपटॉपवर सगळी यादी उघडून ती त्यांच्या शेजारी बसली. "यातल्या कशासाठी धावाल?"

काकांनी एकेक वाचून एकावरच बोट ठेवलं. रक्ताच्या नळीत हवा. बाकीचे तिने 'माहिती'च्या पातळीवर उतरवले.

गुरुवारी त्यांचा फोन आला. "आज एकच लाल ओळ आली, मॅडम. धावलो. मशीनवरच्या आजी बऱ्या आहेत, चहा मागताहेत."