पेटीतला आवाज

टेपची चकरी फिरत होती आणि कर्ण्यातून नुसती खरखर येत होती.

मांडवातल्या बायका हळदीचे हात तसेच धरून थांबल्या. पाटावर पुष्पलता मान खाली घालून बसली होती. तिच्या बापाने, खेमराजने, मशीनला एक चापट मारली. बटण मागेपुढे केलं. चकरी उलटी घालून पाहिली. पुन्हा खरखरच. कटंगीचा नावाजलेला लाउडस्पीकरवाला, आणि घरच्याच लग्नात त्याचा कर्णा मुका!

त्या टेपवर मैनाबाईचा आवाज होता. मैनाबाई म्हणजे पुष्पलताची माय. हळद म्हटली की गाणी म्हणायला आसपासच्या खेड्यांतून तिलाच बोलावणं यायचं. ती गाणी तिच्या आईकडून आलेली, दुसऱ्या कोणाला धड येत नसत. ती आजारी पडली तेव्हा खेमराजने तुमसरहून एक जुनं टेपचं मशीन आणलं, तिच्या खाटेजवळ मांडलं आणि तिला गायला लावलं. "पुष्पीच्या हळदीले मी नसन, पण माहा आवाज तं राहीन," एवढंच ती म्हणाली. त्यांच्या घरी पहिली हळद माय लावते, आणि लावता लावता गाते. मैनाबाई गेली तेव्हाच खेमराजने ठरवून टाकलं, हात आत्याचा आणि आवाज मायचा.

राहिला प्रश्न आवाज सांभाळायचा. त्या बाबतीत गडी कोणाचं ऐकणारा नव्हता. बालाघाटकडचा पावसाळा भिंतीला ओल आणतो, चपलांना बुरशी आणतो, तिथे गाण्याच्या तव्यांची, म्हणजे रेकॉर्डांची, काय कथा! दुसऱ्यांच्या तव्यांवर पांढरे डाग चढायचे आणि सुई रडायला लागायची. खेमराजचे तवे मात्र कोरे करकरीत, कारण त्याच्याकडे पेटी होती. पेटी म्हणजे एका बंद पडलेल्या टॉकीजमधून आणलेला जुना स्पीकर. जाड सागवान, आतून कापसाची गादी, ओलीला शिरायला फट नाही. स्पीकरचा कागद फाटून गेला होता, पण मागचं चुंबक इतकं जबर की खेमराजचा स्क्रू पिळायचा पेचकस कायम त्यालाच चिकटलेला असे. तवे त्याने पेटीत उभे लावले होते. आडवे रचले की वाकतात, हे तो चहाला आलेल्या माणसालाही ऐकवल्याशिवाय सोडत नसे. इतके पावसाळे झाले, एका तव्याला बुरशी लागली नाही. मग टेप दुसरीकडे ठेवायचा सवालच नव्हता. धुतलेल्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळून त्याने ती पेटीत सगळ्यात आत, चुंबकाला टेकवून ठेवली. वाजवली की घासते, म्हणून हात लावायचा नाही, अशी घरात ताकीद दिली. लग्नसराईत तो कर्णा घेऊन किरनापूर, लांजीकडे फिरायचा. मशीन आणि पेटी घरीच राहायची.

नवरदेवाची उष्टी हळद घेऊन त्याचा मामा टिकाराम आला होता. तुमसरला रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवायचा. टेप कुठे ठेवली होती, असं त्याने सहज विचारलं. खेमराजने त्याला आत नेलं आणि पेटी दाखवली. अशा वेळीही त्याची छाती थोडी फुगलीच. बघा म्हणाला, ओलीचा ठिपका सापडला तर सांगा. टिकारामने पेटीत हात घातला. पेचकस ओढून पाहिला, तो लवकर सुटेना.

"खेमराजभाऊ, तव्याले चुंबकानं काही होत नाही," तो हळूच म्हणाला. "पण टेप पुसल्या जाते."

खेमराज पेटीजवळ बसला. ओलीने खाल्ली असती तर पावसाला शिव्या देऊन मोकळं होता आलं असतं. इथे तर बायकोचा आवाज त्याने स्वतःच्या हाताने पुसला होता, तोही धोतरात गुंडाळून, जिवापाड जपून. बाहेर त्याची बहीण दुर्गाबाई ओरडत होती की वेळ टळून राह्यली, एखादा सिनेमाचा तवा लावा आणि उरका. तो कसाबसा उठून मांडवात आला. पोरीच्या तोंडाकडे बघायची त्याची हिंमत होईना.

तेवढ्यात पुष्पलताने मान वर केली. हळदीच्या पाटावरची नवरी तोंड उघडत नसते. हिने उघडलं.

"आत्याबाई, हात काहून थांबवला? लावा हळद."

आणि ती गायला लागली. तीच चाल, तीच मायची पट्टी, शेवटच्या शब्दावरची तीच ओढ. म्हाताऱ्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. दुर्गाबाईचा हात आपोआप हलायला लागला. दुसऱ्या कडव्यानंतर पुष्पलता जरा थांबली, बारीकशी खोकली आणि पुढे गात राहिली. खेमराजने चटकन तिच्याकडे पाहिलं. टेप भरताना मैनाबाई बरोबर तिथेच खोकली होती. ते माहीत असणारा तो एकटाच होता, असं त्याला आजवर वाटत होतं.

गाणं संपलं तसा तो पाटाजवळ उकिडवा बसला. मायने तर हे तुला शिकवलं नव्हतं पोरी, असं पुटपुटला. तिने हळदीच्या हाताने त्याचा हात धरला.

"तुमी कर्णा घेऊन गेले की मी चोरून टेप लावो, बाबूजी. दरसाल मायचा आवाज बारीक होत चालला होता. मले वाटे माह्याच वाजवण्यानं घासून राह्यला, म्हणून तुमाले सांगाले भ्याली. पण पुरा जायच्या आधी मी तो पेटीतून काढून घेतला."